दोन नंबरच्या टाकीतले मृत्यू

१

मेलेले मासे मला नवे नाहीत. नदी खात्यात तपासनीस म्हणून केस पिकवले आहेत मी. पण त्या सकाळी पुलाखाली मेलेले मासे पाहण्याआधी मला ते गोळा करणारा माणूस दिसला.

शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा पाइप जिथे नदीत उतरतो, तिथून जरा खाली पांढरी पोटं वर करून मासे तरंगत होते. उन्हाळ्याने नदी आटलेली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून एक माणूस पाण्यात उभा होता. मासे टोपलीत भरायचा, काठावर खणलेल्या खड्ड्यात रिकामे करायचा, पुन्हा पाण्यात उतरायचा. डोळे तांबारलेले. अंगात केंद्राचा निळा गणवेश.

"कुणी सांगितलं हे काम?" मी विचारलं.

"कुणी नाही."

"मग पाळी सुटल्यावर घरी का नाही गेलात?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग टोपलीकडे. "वास सुटेल," एवढंच म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

वास केव्हाच सुटला होता. मी नाकाला रुमाल लावून चढाव चढले. फाटकावरच्या काकांनी माझं ओळखपत्र पाहिलं, आत वळून हाक दिली, "दादा, तपासाच्या मॅडम आल्यात!" पायरीवर बसलेल्या एका पिकल्या मिशांच्या माणसाने मान हलवली. तेवढ्यात तो मासेवाला आवाराच्या पलीकडच्या, मागच्या फाटकाने आत शिरला. काका उठले, उन्हातून चालत त्याच्यापर्यंत गेले आणि म्हणाले, "तपासाच्या मॅडम आल्यात."

पहिली हाक तर साऱ्या आवारात घुमली होती. त्यालाही ती ऐकू गेली असणार, मी दिसतही असणार. काकांना उन्हाचा त्रास होत असावा, असं मी मनात म्हटलं आणि पुढे गेले.

२

केंद्राचे प्रमुख म्हणजे इस्त्री केलेला शर्ट आणि इस्त्री केलेला आवाज. त्यांनी मला टाक्यांवरच्या लोखंडी पुलावर नेलं.

"शहराचं सांडपाणी इथे येतं, मॅडम. जाळीत कचरा अडतो, मग वाळू बसते. त्यानंतर ते निम्मं निम्मं या दोन टाक्यांत वाटलं जातं. इथे आम्ही खालून हवा सोडतो. पाण्यातले जिवाणू ती हवा घेऊन घाण खातात. खरं काम त्यांचं. आम्ही नुसते त्यांचे नोकर."

एक नंबरची टाकी दाट चॉकलेटी होती, उकळी फुटल्यासारखी खदखदत होती, आणि तिला ओल्या मातीचा वास होता. दोन नंबरची करडी पडली होती. वर पांढरा फेस. वास नदीवरचाच.

"मेले?" मी विचारलं.

"सगळे." त्यांनी आवाज उतरवला. "जिवाणू मेले की सांडपाणी तसंच्या तसं पुढे जातं. नदीत गेलं की तिथला प्राणवायू ओढून घेतं. मासे गुदमरतात. खालच्या वस्तीचा पाण्याचा पंप मी पहाटेच बंद करायला सांगितला."

"मारलं कुणी?"

"ते तर सापडलंय, मॅडम. टँकरवाला. बंब म्हणतात त्याला. काल दुपारी रंगाच्या कारखान्याचं पाणी चोरून आमच्या जाळीपाशी ओतलं त्याने. फाटकवाल्याने पाहिलं. माझ्या खोलीत बसलाय, रडतोय. आपण सही केली की झालं."

इतक्या वर्षांत मला कबुलीसाठी घाम गाळावा लागला आहे. लोक कानावर हात ठेवतात, ताकास तूर लागू देत नाहीत. इथे गुन्हेगार चहा पीत माझी वाट पाहत होता. मला ते मुळीच आवडलं नाही.

बंब नावाला शोभेल असाच गोल होता आणि नाक ओढत होता. "टाकलं मॅडम, टाकलं. रीतसर पाणी सोडायची रांग मोठी होती, पोरीला शाळेतून आणायचं होतं. मला काय माहीत मासे मरतील? पहाटेपासून डोळ्यापुढून हलत नाहीत हो ते."

"पाणी कुठे ओतलं?"

"जाळीपाशी."

"जाळीपाशी म्हणजे वाटणी होण्याआधी?"

"म्हणजे काय, मॅडम?"

"म्हणजे तुमचं रंगाचं पाणी दोन्ही टाक्यांत निम्मं निम्मं गेलं. मग एक नंबर जिवंत कशी?"

बंबाने नाक ओढायचं थांबवलं. प्रमुखांचा इस्त्रीचा आवाज जरा चुरगळला. "म्हणजे विष सांडपाण्यातून आलंच नाही?"

"नाही. कुणीतरी फक्त दोन नंबरला दिलं. बाहेरच्या माणसाला हे जमणार नाही."

दारात हालचाल झाली. तो पिकल्या मिशांचा दादा उंबऱ्यावर उभा होता.

"मी दिलं," तो म्हणाला.

३

दादा दिवसाच्या पाळीचा ऑपरेटर. त्याला निवृत्त व्हायला थोडेच महिने राहिले होते. या घडीला बडतर्फी म्हणजे सारा जन्म राबून मिळवलेलं सगळं हातचं जाणार, हे प्रमुखांनी मला त्याच्या समोरच सांगितलं. तो ऐकत राहिला, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय अशा चेहऱ्याने.

"कसं दिलं, ते दाखवा," मी म्हटलं.

तो मला टाकीमागे घेऊन गेला. तिथे एक अरुंद उघडा पाट आहे. टाकीतून पुढे गेलेले जिवाणू निवळणीच्या टाकीत तळाला गाळ होऊन बसतात. तो गाळ या पाटातून पुन्हा हवेच्या टाकीत येतो, पुन्हा जेवायला. प्रत्येक टाकीला आपापला पाट.

"कधी कधी गाळात धाग्यासारखे जिवाणू माजतात," दादा म्हणाला. "मग गाळ फुगतो, खाली बसत नाही. परवापासून दोन नंबरचं तसंच चाललं होतं. त्यावर उपाय म्हणजे पाटात थोडं क्लोरीनचं द्रावण सोडायचं. धागे बाहेर आलेले असतात, ते आधी मरतात. बाकीचे गाळाच्या पोटात असतात, ते वाचतात. माप तेवढं सांभाळायचं."

"आणि तुम्ही नाही सांभाळलंत."

"नाही. हात चुकला. दुप्पट गेलं."

"एकदमच?"

"एकदमच. इथेच उभा होतो." त्याने पाटाच्या अलीकडच्या काठावर बोट ठेवलं.

पाटाच्या भिंतींवर हिरवं शेवाळ माजलेलं होतं. त्याच्या बोटाखाली शेवाळात एक पांढरा ओघळ होता, जिथे द्रावणाने रंग खाल्ला होता. तो नीट पाहायला मी वाकले. आणि मग मला समोरची भिंत दिसली.

पलीकडच्या काठावरही तसाच एक ओघळ होता.

मी दादाकडे पाहिलं. तो पाण्याकडे बघत होता, आणि मला पलीकडचा काठ दिसू नये म्हणून की काय, एक पाऊल पुढे सरकून उभा राहिला होता. पाट अरुंद असला तरी पलीकडे जायचं तर टाकीला सगळा वळसा घालावा लागतो. दुप्पट माप एकदम ओतणारा माणूस निम्मं इथे ओतून, वळसा घालून, निम्मं तिथे ओतायला जात नाही.

"पलीकडे कुणाची जागा आहे, दादा?"

"कुणाची नाही," तो फार घाईने म्हणाला.

४

प्रयोगशाळा म्हणजे एक खिडकी, एक बेसिन आणि एक सूक्ष्मदर्शक. तिथली ताई तिशीची, नीटनेटकी. पण मी शिरले तेव्हा ती रिकाम्या काचपट्ट्या पुन्हा पुन्हा धूत होती.

"हे पाहा," ती म्हणाली. मी भिंगाला डोळा लावला. तुटलेले धागे, आणि मध्येच काही पारदर्शक पिशव्या. "हे एरवी घंटेसारखे उभे असतात आणि सारखे उघडमीट करतात. मी त्यांना रोज सकाळी बघते. आज एकही हलला नाही." मग तिचा आवाज भरला. "माझी चूक आहे, मॅडम."

तिसरी कबुली. मी स्टूल ओढून बसले. "चहा मागवा आणि सांगा."

तिने दारातूनच मदतनीस बाईंना चहा सांगितला. बाईंनी अंगणात जाऊन दादाला विचारलं, "चहा घेणार?" मग टाकीच्या पलीकडे बाकावर त्या सकाळच्या मासेवाल्यापाशी गेल्या आणि त्यालाही विचारलं, "चहा घेणार?" दोघांच्या मध्ये जेमतेम एक टाकी. एकदा जोरात ओरडलं असतं तर चार जणांचं काम झालं असतं.

"इथे सगळं दोनदा का सांगतात?" मी विचारलं.

ताईच्या हातून काचपट्टी निसटून बेसिनमध्ये पडली. फुटली नाही.

"दादा आणि धाकटा बोलत नाहीत एकमेकांशी," ती म्हणाली. "सख्खे भाऊ आहेत. दिवसाची पाळी दादाची, संध्याकाळपासूनची धाकट्याची. दादा पुढच्या फाटकाने येतो-जातो, धाकटा मागच्या. दादा अलीकडून काम करतो, धाकटा पलीकडून. मी नोकरीला लागले तेव्हापासून असंच आहे. काहीही असलं तरी एकदा याला सांगायचं, एकदा त्याला. आम्हाला आता वेगळं वाटतच नाही."

"आणि क्लोरीनचं?"

तिने डोळे पुसले. "काल सकाळी मी दादाला म्हटलं, दोन नंबरला आज द्रावण द्यायचंय, ठरलेलं माप. दुपारपर्यंत त्याने दिलं नव्हतं, पंपाच्या कामात होता. तेवढ्यात शाळेतून फोन आला, पोरगी तापाने फणफणली होती. जाता जाता मी धाकट्याला फोन केला. सवयीने. द्रावण द्यायचंय, ठरलेलं माप. पाटात काही टाकलं की पुढच्या पाळीला तोंडाने सांगायचं, ही इथली रीत आहे. ते सांगणंही माझ्यामार्फतच व्हायचं. आणि मी काल नव्हते."

दोघांनीही औषध दिलं होतं. दोघांनीही बरोबर दिलं होतं.

"तुम्ही हे साहेबांना का नाही सांगितलंत?"

"सांगायलाच निघाले होते. पण दादा वाटेत भेटला. म्हणाला, ताई, तू काल फक्त मलाच सांगितलं होतंस. कळलं ना?"

५

बंब फाटकाबाहेर आपल्या टँकरच्या सावलीत बसला होता. सुटलो म्हणून खूश व्हावं तर तेही नाही. मी शेजारी टेकले.

"रंगाच्या पाण्याची दंडाची नोटीस येणार तुम्हाला, ते चुकणार नाही. पण हे भाऊ का बोलत नाहीत, ते तुम्हाला माहीत असणार."

"मला सगळ्यांचं माहीत असतं," तो सुस्कारा टाकून म्हणाला. "त्यांची आई गेली ना, मॅडम, तेव्हाचं आहे. म्हातारी दवाखान्यात होती. डॉक्टरांनी सांगितलं, आज जे भेटायचं ते भेटून घ्या. धाकटा इथे पाळीवर. केंद्र सोडून जाता येत नाही, हवा बंद पडली तर सगळं मरतं. ठरलं असं की दादाने यायचं आणि धाकट्याला सोडवायचं. धाकटा कपडे बदलून फाटकात उभा. दादा आलाच नाही. आली ती म्हातारी गेल्याची बातमी."

"का नाही आला?"

"ते त्याने कुणाला सांगितलं नाही. धाकट्याने विचारलंही नाही. अंत्यविधीला दोघं दोन टोकांना उभे होते." बंब टँकरच्या चाकाकडे बघत राहिला. "आम्हीपण काय, गंमत बघत बसलो. मध्यस्थी करायची सोडून निरोप पोचवत राहिलो. सोपं होतं ना ते."

मागच्या बाकावर धाकटा अजून बसून होता. चहा तसाच, वर साय धरलेली. मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"तुमच्या पाळीत काही झालं?"

"नाही."

"पाटात काही टाकलंत?"

त्याने चहाचा कप बाकाखाली सरकवला.

"तुमच्या भावाने कबुली दिलीय. त्याची नोकरी जाईल. म्हातारपणाचं सगळं जाईल."

त्याच्या जबड्याचा स्नायू हलला. "जाऊ दे," तो म्हणाला. मग हात पाहू लागला. त्यांना अजून खवले चिकटलेले होते.

६

संध्याकाळी पाळी बदलायच्या वेळेला मी दोघांनाही पाटापाशी बोलावलं. प्रमुख आणि ताई मागे उभे राहिले. दादा अलीकडे, धाकटा पलीकडे. मध्ये करडा गाळ वाहत होता.

"दादा," मी म्हटलं, "तुमच्याकडचा ओघळ तुमचा. समोरचा कुणाचा?"

"माझाच."

"खोटं. तुम्ही पलीकडे पाऊल ठेवत नाही, हे इथल्या चहावाल्या बाईंनाही माहीत आहे. काल दुपारनंतर तुम्ही ठरलेलं माप दिलंत आणि पुढच्या फाटकाने घरी गेलात. संध्याकाळी तुमचा भाऊ मागच्या फाटकाने आला आणि त्यानेही ठरलेलं माप दिलं. अंधारात त्याला तुमचा ओघळ दिसायचा प्रश्न नव्हता. सकाळी टाकी करडी पडली. त्याला वाटलं, आपला हात चुकला. तो मासे पुरायला गेला. तुम्ही मात्र उजेडात आलात, समोरची भिंत पाहिलीत आणि त्याच क्षणी तुम्हाला कळलं."

धाकट्याने पहिल्यांदा मान वर केली. त्याने अलीकडची भिंत पाहिली, तो पांढरा ओघळ पाहिला. किती वेळ तरी पाहत राहिला.

"तू पण टाकलं होतंस?" तो म्हणाला.

मागे ताईने श्वास रोखला. किती वर्षांनी तो भावाशी बोलत होता, हे तिला माझ्याहून जास्त माहीत.

"हो," दादा म्हणाला.

धाकटा मनात हिशेब लावत होता, आणि तो हिशेब मीही लावला होता. म्हणूनच मला हे त्याला सांगायचं नव्हतं.

"म्हणजे तुझं टाकून झालं तेव्हा टाकी बरी होत होती," तो सावकाश म्हणाला. "माझ्याने मेली. पहिलं औषध होतं. दुसऱ्याने मारलं."

"मॅडम, त्याचं लिहू नका," दादा माझ्याकडे वळला. "मी सांगितलं असतं तर त्याने टाकलं नसतं. निघताना तो मागच्या फाटकात दिसला होता मला. एक हाक मारायची होती. वाटलं, ताई सांगेल. हे सगळं माझ्यावर लिहा. मी कुठेही सही करतो."

"उपकार नकोत मला तुझे," धाकटा ओरडला. "त्या वेळी एक उपकार केला असतास, तर पुरला असता."

"उपकार नाहीत रे हे."

"मग काय आहे?"

दादाने पाटाच्या कठड्याला धरलं. मला वाटलं, तो आता पुन्हा गप्प बसणार, आणि हे असंच राहणार.

"आईने विचारलं होतं," तो म्हणाला. "तुझी पाळी सुटली का म्हणून. मी म्हटलं, सुटली, निघालाय. मी उठून यायला हवं होतं. पण माझा हात तिच्या हातात होता. वाटलं, मी उठलो आणि तेवढ्यात ती गेली तर? तुझ्या वाटणीचाही वेळ मीच बसून घेतला. तिला शेवटपर्यंत वाटत होतं की तू वाटेत आहेस. दाराकडे बघत होती."

धाकट्याचा चेहरा पाहवेना. मी दुसरीकडे बघायला हवं होतं, पण बघितलं नाही. हे सगळं मीच उकरून काढलं होतं.

"माझी वाट बघत होती," धाकटा म्हणाला. "आणि हे तू मला आज सांगतोस?"

"कसं सांगणार होतो?" दादा म्हणाला. "आपण बोलत नव्हतो."

प्रमुखांनी घसा साफ केला. अहवालात नाव कुणाचं जाणार, असं त्यांनी अगदी हळू विचारलं. मी म्हटलं, दोघांचं जाईल, आणि ज्या केंद्रात सगळे जण सगळं दोनदा सांगत राहिले आणि ते चालू दिलं गेलं, त्या केंद्राच्या प्रमुखांचंही जाईल. त्यांचा चेहरा उतरला, पण ते भांडले नाहीत. दुसऱ्या केंद्रातून जिवंत गाळ मागवायचा होता, त्याच्या फोनसाठी ते आत गेले. ताईही गेली.

पाळी सुटल्याची घंटा झाली. दादाने कठडा सोडला. त्याला आता इथे काही काम उरलं नव्हतं, कदाचित यापुढेही उरणार नव्हतं. तो पुढच्या फाटकाकडे चालू लागला.

"थांब," धाकटा म्हणाला.

दादा थांबला, पण वळायची हिंमत त्याला होईना.

धाकट्याने टाकीला वळसा घातला आणि अलीकडे येऊन तो भावासमोर उभा राहिला. मला वाटलं, आता हात उचलणार. त्याने उचललाही, आणि मग तो कुठे ठेवावा हे न कळून खाली घेतला.

"आणखी काय म्हणाली?" त्याने विचारलं. "सगळं सांग. काही गाळू नकोस."